चौथ्या कोपऱ्याचे ठोके

सुपा, ता. ११ ऑक्टोबर १९४६

चि. इंदूस अनेक आशीर्वाद.

सवयीनं नावाआधी ‘सौ.’ लिहून गेलो, म्हणून पहिला कागद फाडला. हा दुसरा.

तुझं पत्र परवा पोचलं. केडगावात मामंजींचा दमा उतरला हे वाचून बरं वाटलं. तसं लिहायचं म्हणून लिहिलं. हल्ली मला काही वाटतं की नाही, हे नीट कळत नाही. जेवतो, कामावर जातो, झोपही लागते. ती लागते याचंच नवल करतो. इकडे पाऊस उघडला आहे. बाजरी काढायला आली.

तू लिहितेस, “कारभारी गवंड्यानं चुन्यात माती कालवली, म्हणून शाळेची भिंत ह्यांच्या अंगावर आली. मंगळवारच्या चौकशीत त्याला सोडू नकोस, दादा.”

चुना मी पाहिला. पडलेल्या भिंतीतले दगड पहारीनं सुटे करावे लागले, इतका तो धरून होता. भिंत कच्ची नव्हती. तिच्याखालची जमीन खचली.

आता जे लिहायचं, ते तीन आठवडे लिहिलं नाही. मे महिन्यात मी वाडीवर तुमच्याकडे चार दिवस उतरलो होतो, ते शाळेच्या पायाची जमीन तपासायला. तो लोखंडी दांडा तू पाहिलास. ओसरीवर ठेवला तर तू त्याला ‘भीमाची गदा’ म्हणालीस. त्यावरचं वजन हातानं उचलून सोडायचं आणि दांडा वीतभर रुतायला किती ठोके लागले ते मोजायचं. ठोके जास्त, तर जमीन बळकट. पण उन्हाळ्यात आधी खड्ड्यात पाणी सोडून जमीन रात्रभर भिजवावी लागते. कोरडी जमीन खोटं बोलते. कॉलेजात पहिल्या वर्षी शिकलेली गोष्ट.

तीन कोपऱ्यांवर मुरूम होता. भिजवून चौदा, तेरा, चौदा ठोके आले. चौथ्यावर काळी माती निघाली. कारभारी तिथंच होता. म्हणाला, “सायेब, ही काळी लई लबाड. उनात दगुड, पावसात शेन. हिला चांगली पाजा अन् मंग ठोका.”

मी पाणी मागवलं. मालनबाई आणि आणखी दोघी हंडे घेऊन आल्या. विहीर आटलेली, पाणी दोन कोसांवरचं. मालनबाई हंडा डोक्यावरून उतरवीना. म्हणाली, “तीन खड्डं पेलं, तरी मातीची तहान भागंना व्हय? आमच्या घरी वासरू जीभ काढून बसलंय. त्याला इंजिनेर कराया हवं हुतं, मंग पानी भेटलं असतं!” सगळ्या हसल्या. मीही हसलो आणि त्यांना परत पाठवलं.

विष्णुपंत शाळेचं काम म्हणून सकाळपासून उभे होते. ते म्हणाले, “यज्ञेश्वरराव, आमच्या घरचा हंडा आणतो. इंदू काही बोलणार नाही.” मी म्हटलं, “नको, ठोके चांगले येतात.” आले होतेच. कोरड्यात एकतीस.

वहीत मी लिहिलं, ‘भिजवून, चौदा.’

दया होती म्हणावं, तर त्या हसल्या त्याची लाजही होती. आणि उद्या परत येण्याचा कंटाळा नव्हता, असं शपथेवर सांगता येत नाही. त्या दिवसाची रोजनिशी काढून पाहिली. तुझ्या हातची आमटी छान झाली, असं लिहिलं आहे. खड्ड्याविषयी एक अक्षर नाही.

पावसात तो कोपरा बसला. शाळा सुटल्यावर विष्णुपंत नकाशे उतरवायला आत गेले होते, हे तुला ठाऊक आहे.

काल मी पुन्हा त्या भिजलेल्या चौथ्या कोपऱ्यावर गेलो. कारभारी आपणहून आला, दांडा धरून उभा राहिला. वजन मीच सोडलं.

“किती, सायेब?”

“चार.”

त्यानं दांडा उपसून आडवा ठेवला. मग म्हणाला, “माझ्या हाताखाली आता कुनी येत न्हाई. निघोजला देवळाचं काम धरलं हुतं, तेबी गेलं. म्हनत्यात, मास्तर खाल्ला यानं.” मला एक शब्दही वाईट बोलला नाही. तो बोलला तर मला काही वाटतं का, हे पाहायची मी वाट पाहत होतो. तेही कारभारीवर ओझं टाकणंच झालं.

आज सकाळी लेखी जबानी दिली, वहीचं मूळ पान जोडून. कारभारीचा दोष नाही, हे पहिल्याच वाक्यात लिहिलं. नोकरी जाईल, खटला होईल की नाही, सांगता येत नाही. जबानी आधी दिली आणि पत्र नंतर लिहीत आहे. तुला आधी कळवलं असतं, तर तू ‘दादा, गप्प राहा’ म्हणशील याची मी आशा केली असती. तू तसं म्हटलं नसतंस. पण आशा केली असती, एवढं मला माझ्याबद्दल माहीत आहे.

मामंजींना हे तूच वाचून दाखव, किंवा दाखवू नकोस. कारभारीला मात्र एक ओळ पाठव. तुझ्या सासरच्या माणसांनी वाडीवर त्याचं नाव घेतलं आहे. ते त्यांनीच मागे घेतलं, तर लोक ऐकतील. माझं कोणी ऐकणार नाही.

भाऊबीजेला मी येत नाही. पाट मांडू नकोस.

जबानीखाली केली तीच सही इथं करतो.

यज्ञेश्वर वामन खरवंडीकर