शेवटच्या कडव्यातलं नाव

ब्रॅडफर्ड, इंग्लंड
ता. १८ जानेवारी १९७६, रविवार

तीर्थरूप तात्या,

इतक्या लांबून तुमच्या पायावर डोकं ठेवतो. मी इकडं धडधाकट आहे. तुमचा दमा कसा आहे? आक्काताई, तात्यांना वाचून दाखवताना सावकाश वाच. चौथीत शाळा सोडलेल्या भावाचं अक्षर आहे, अडखळशील.

इकडं थंडी लय. लोकरीच्या गिरणीत मात्र घाम निघतो. माग असे धडधडतात की शेजारच्याचं बोलणं त्याच्या ओठांवरून ओळखावं लागतं. माधवनगरच्या गिरणीत शिकलेलं इथं कामाला आलं, तुटलेला धागा मी न बघता जोडतो. भाकरीपण थापतो आता. गोल होत नाही, पण पोटाला काय कळतंय.

तात्या, सहा वर्षांत तुम्हाला हे पहिलंच पत्र. आक्काच्या पत्राखाली 'तात्यांना नमस्कार सांग' एवढं लिहायचं आणि पाकीट चिकटवायचं, असं चाललं होतं. कामातून सवड नव्हती असं लिहिणार होतो. पण सवड होती.

इथल्या एका माणसाबद्दल तुम्हाला सांगायचं आहे. आर्थर पेल त्याचं नाव. मी पेलबाबा म्हणतो. जन्मभर लोकर निवडायचं काम केलं, आणि चाळीस वर्षं झाली, स्वतः गाणी रचून स्वतःच म्हणतो. आमच्या गल्लीच्या टोकाला गुत्ता आहे, तिथं रविवारी दुपारी बसतो. मी तिथं लिंबाचं सरबत पितो असं आईला सांगा. तुम्हाला खरं सांगतो, एक गिलास घेतो.

ऐकायला असतात पंधरा-वीस माणसं. त्यातली निम्मी पाठ करून बसलेली. त्याच्या पाच तबकड्या निघाल्यात, पण ह्या गावाबाहेर कुणी नाव घेत नाही. गाणी तरी कशावर? एक गिरणीच्या भोंग्यावर. एक सुताच्या कांड्या भरणाऱ्या बाईवर, तिची बोटं झोपेतसुद्धा हलतात. एक म्हाताऱ्या कुत्र्यावर. ऐकताना वाटतं, ह्यात काय एवढं? आणि मग आठवडाभर मागावर तेच तोंडात येतं. आता आवाज विरलाय, वरचा सूर लागत नाही. पण तात्या, एक शब्द खाली सांडू देत नाही. दम कमी पडला की तो शब्दालाच टेकून उभा राहतो, तुम्ही मोटेवर राहायचा तसा.

त्याचं भोंग्याचं गाणं लंडनच्या एका तरुण गवयानं म्हटलं आणि ते देशभर गाजलं. रेडिओ लावला की तेच. दसऱ्याच्या सुमारास पेलबाबानं ते गुत्त्यात धरलं, तर एक पोरगेला गडी ओरडला, "म्हाताऱ्या, दुसऱ्याची गाणी कशाला म्हणतोस? तुझं एखादं म्हण की!"

सगळे हसले. मीपण हसलो, कारण मलाही ठाऊक नव्हतं. मग गुत्त्याची मालकीण माझ्या कानाशी म्हणाली, "हसतोस काय? ते त्याचंच आहे. मी लहान होते तेव्हापासून ऐकतेय." मी पेलबाबाकडं बघितलं. तो भांडला नाही. हातातल्या तारेच्या वाद्याची खुंटी पिळत त्या गड्याला म्हणाला, "तो पोरगा छान म्हणतो रे. फक्त तिसऱ्या कडव्यात घाई करतो."

मी गिलास तसाच ठेवून बाहेर आलो.

आक्काताई, आता इथं थांब. पुढचं तू वाचू नकोस. तालमीतल्या लालासाहेबाला बोलवून घे, आणि तात्यांना देवळापुढच्या पारावर बसव. माणसं जमू देत. पुढचं त्यानं वाचायचं आहे.

लालासाहेब, गड्या, मोठ्यानं वाच. मध्ये शब्द खाऊ नकोस.

आक्कानं दिवाळीला मला लिहिलं की यात्रेत तात्यांनी मोटेचं गाणं धरलं, तवा तू ओरडलास, "तात्या, नाथाजीचं गाणं कशाला म्हणताय? सोताचं म्हणा की!" सगळी यात्रा हसली म्हणे. तात्यांनी डफ खुंटीला लावला तो अजून काढला नाही. तुझा दोष नाही. तुला जे माहीत होतं तेच तू बोललास, आणि तसं माहीत मी करून दिलं.

ते गाणं तात्यांचं आहे. इंजिन बसलं आणि मोट सुटली, त्या साली विहिरीवर बसून त्यांनी ते जुळवलं. सांगलीच्या रेडिओवर म्हणायला त्यांनीच मला पाठवलं. "माजा दम पुरायचा न्हाई, तू जा. माजं गाणं एकदा रेडिओवर वाजू दे," म्हणाले आणि स्वतःचा फेटा माझ्या डोक्याला बांधला. तिथं साहेबानं विचारलं, "रचना कोणाची?" मी म्हणालो, "माझी." कुणी बळजबरी केली नव्हती. तोंडातून निघालं, आणि मग मागं घेतलं नाही. शेवटच्या कडव्यात तात्यांचं नाव जोतीराम होतं, तिथं नाथाजी घातलं. नाव बसेना, 'नाथाजीऽऽ' असं ताणलं.

तुम्ही सगळ्यांनी ग्रामपंचायतीच्या रेडिओवर ते ऐकलं. मी गावात आलो तर तुम्ही मला खांद्यावर घेतलं. लालासाहेब, तुझाच खांदा होता. तात्या पारावर होते. ते एवढंच म्हणाले, "नाथा, श्येवटाला जरा लंगडतंय रं."

त्यानंतर जो तो म्हणायचा, "दुसरं गाणं कर." मला एक ओळ जुळेना. गाव म्हणतं मी कमवायला इंग्लंडला आलो. मी त्या दुसऱ्या गाण्याला भिऊन पळालो. आणि पत्र लिहिलं नाही, कारण तात्यांना दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागतं, आणि तो दुसरा माझी चोरी वाचेल. आज तोच दुसरा मी मुद्दाम धरलाय.

कडवं असं आहे, नीट वाच:

मोट गेली, इंजिन आलं, बैल उभा दारी
जोतीराम म्हणे त्याला कोण हाका मारी

बघ, कुठं लंगडत नाही.

तात्या, माफ करा असं कुठल्या तोंडानं म्हणू? लालासाहेब खुंटीवरचा डफ काढून आणेल. दम लागेल तिथं थांबा, पण तुमच्या नावापर्यंत जा. पेलबाबाला मी तुमच्याबद्दल सांगितलं. त्यानं विचारलं, "अजून गातात का?" त्याला काय सांगू, ते कळवा.

तुमचं नाव खोडून स्वतःचं लिहिलेला,
नाथाजी