खरी गाडी कुणाची

उस्मानपुरा, औरंगाबाद
दिवाळीनंतरचा सोमवार

तीर्थस्वरूप काकासाहेबांच्या चरणी धाकट्या भावाचा, नानाचा दंडवत. अजिंठ्याला थंडी पडली असेल, तेव्हा पहाटे विहिरीवर आंघोळ करायची मर्दुमकी यंदा नको. वहिनींचे गुडघे कसे आहेत? इथं तुमची भावजय आशाबाई ठीक आहे (म्हणजे बोलत नाही, पण स्वयंपाक करते).

त्याचं कारण सांगतो. रेल्वेची छोटी लाईन उखडून मोठी आली, तेव्हापासून तुमचा शाळासोबती मोहियोद्दीन आणि मी हळहळत होतो. दोघंही पेन्शनीत, तो ड्रॉइंग मास्तर होता, मी पाटबंधारे खात्यात. आपलं जुनं स्टेशन हुबेहूब लहान करून जपावं असं ठरलं आणि आम्ही आमच्या जेवणाच्या टेबलाचा ताबा घेतला. तेव्हापासून घर जमिनीवर जेवतं.

पण खरं मॉडेल कशाला म्हणायचं, यावर पहिल्याच दिवशी बिनसलं. जावयानं जर्मनीहून मला इंजिन, डबे आणि पेटीभर उतारू आणून दिले होते. मोहियोद्दीनचं म्हणणं, विकत आणलं ते खेळणं, हातानं घडवलं तेच मॉडेल. त्यानं तेलाच्या डब्याचा पत्रा कापून इंजिन केलं. काय सांगू, एकेक रिव्हेट जागच्या जागी! फक्त ते चालत नाही. मी म्हटलं, चालत नाही ते रेल्वेचं मॉडेल कसलं? तर म्हणाला, "नाना, आपली गाडी तरी कुठं चालायची? उभीच असायची ना?"

माझ्या जर्मन उतारूंच्या पायांत बर्फावर घसरायच्या पट्ट्या आहेत. असला माणूस औरंगाबादेत कशाला उतरंल, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, अजिंठा बघायला (तुमच्याकडं आलाच तर चहा पाजा). तो हसला नाही. त्यानं मातीचे उतारू केले. त्यातला वळकटीवर तोंड उघडं टाकून झोपलेला मी आहे म्हणे.

गेल्या आठवड्यात पेन्शनरांच्या मेळाव्यात आम्ही हे सगळं मांडलं. मोहियोद्दीनचा हुकूम असा, की माझी गाडी स्टेशनाबाहेर आउटर सिग्नलला थांबलीच पाहिजे, कारण खरी थांबायची. थांबवली. लोक ताटकळले. दोघातिघांनी सवयीनं डबे उघडून पोळ्या खायला घेतल्या. शेवटी अध्यक्ष उठायला लागले, तसं मी घाबरून बटण दाबलं. गाडी जर्मन वेगानं आत घुसली आणि फलाटाला उभ्या असलेल्या त्याच्या पत्र्याच्या इंजिनाला जाऊन धडकली. ते टेबलावरून खाली पडलं, धुराडं मोडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, अपघात दाखवायचाच होता. अध्यक्षांनी तर भाषणात, अगदी खरं वाटलं, असा शेरा मारला.

मोहियोद्दीननं इंजिन रुमालात बांधलं, "खेळा तुम्ही," एवढंच म्हणाला आणि गेला. आशाबाईचं म्हणणं, जाऊन माफी मागा. मी म्हणतो, आधी त्यानं माझ्या इंजिनाला मॉडेल म्हणावं. तेव्हापासून तिनं अबोला धरलाय.

बाकी इकडं क्षेम. मला कुणाची गरज नाही, एकटाच मजेत गाडी फिरवतो. लेकरांना आशीर्वाद, वहिनींना नमस्कार.

तुमचा
नाना

ता.क. मजेत वगैरे काही नाही. गाडी नुसती गोल फिरते. आउटरला आली की मीच थांबवतो आणि कुणी काही म्हणतं का बघतो. तुमचा शब्द मोहियोद्दीन मोडायचा नाय. उरुसाला आलो असं सांगा, पण या. मी बोलावल्याचं सांगू नका.

आणखी एक ता.क. टपालपेटीपाशी मोहियोद्दीन भेटला. त्याच्याही हातात पाकीट, पत्ता तुमचाच. दोघांनी एकमेकांच्या पाकिटावरचा पत्ता वाचला, मग समोरच्या हॉटेलात चहा घेतला. दोन्ही पत्रं एकाच पाकिटात पाठवतोय. त्याचं आधी वाचा, वयानं तो मोठा आहे. पण विश्वास माझ्यावरच ठेवा. (हे वाक्य त्यानं वाचलं आणि माझ्याच पेनानं स्वतःच्या पत्राखाली जसंच्या तसं उतरवून घेतलं.)