भटकभवानी रॅम्पवर

९ नोव्हेंबर
पुढच्या रविवारी बुलढाण्यात ऑडिशन! टीव्हीवर तो मॉडेलिंगचा शो लागतो, त्याचीच. मी एकेक एपिसोड मोबाईलवर परत पाहते. जज एखादीला म्हणतो, पुन्हा चाल — ती डोळे पुसून पुन्हा चालते, आणि इकडे माझे पाय हलायला लागतात. चालण्याचे मार्क देणारी परीक्षा जगात ही एकच. कॉलेज सोडलं, अकोल्याचं मोबाईलचं दुकान सोडलं, जालन्याचं पार्लर सोडलं. चालायचा कंटाळा मात्र कधी आला नाही. आई त्यावरूनच मला भटकभवानी म्हणते.

१० नोव्हेंबर
आई म्हणे, लोक हसतील. बाबा शाळेच्या पोरी चिखलीला सोडून आले आणि रिक्षा धुवायला बसले. मी विचारलं, आज काय विशेष? तर म्हणे, "मंग रविवारी बुलढाण्याले असी धुळीची गाडी नेऊ काय?"

१६ नोव्हेंबर
सिलेक्ट!!
झालं ते असं. मंगल कार्यालयात लाल कापडाचा रॅम्प. नाव पुकारलं — अपेक्षा इंगळे, अमडापूर — आणि मी पायऱ्यांपाशी सँडल काढल्या. ठरवून नाही! आपल्या जयंतीच्या स्टेजवर बुद्ध-बाबासाहेबांचे फोटो असतात, तिथं चप्पल घालून कोण चढतं? तीच सवय. अर्ध्यात कळलं. सँडल तिकडे, मी इकडे. मग काय, चालले. बाजाराच्या गर्दीतून निघते तशीच, मान वर.
आधी कुजबुज. मग टाळ्या. जज म्हणाला, हिला कोणी शिकवलेलं नाही, तेच बरं. माझ्यामागच्या दोघींनीही सँडल काढल्या!
चिखलीत भजी खाल्ली. थंड होती. तरी भारी. बाबा अमडापूरपर्यंत ओळखीचा दिसला की हॉर्न वाजवत आले.

२४ नोव्हेंबर
शोच्या सुहासिनी मॅडमचा फोन. पोरींच्या गोष्टी त्या बनवतात. अनवाणी का चाललीस, विचारलं. खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, यात रडू कुठे आहे? वडिलांनी सँडल जाळल्या असं दाखवू. मग मुंबईची फेरी पक्की. नाहीतर सांगता येत नाही.
मी बाबांकडे पाहिलं. फोन स्पीकरवर होता. बाबाच हसत पुढे आले. "जाळतो ना. पोरगी मुंबईले गेली पायजे."

३ डिसेंबर
शूटिंग! शेजारच्या बनाबाईंच्या तुटक्या सँडल अंगणात पेटवल्या. बाबांनी डोळे असे काढले की मीच दचकले. "घराबाहेर पाय टाकला तं तंगडं मोडीन!" कट झालं की लगेच मॅडमकडे — बरं झालं का? आई हसू दाबायला तोंडात पदर कोंबून आत पळाली. मला रडूच येईना, शेवटी डोळ्यात थेंब घातले.
जाताना मॅडम बाबांना म्हणाल्या, माणिकराव, तुम्ही लाइन चुकलात, नट व्हायला हवं होतं.

२० डिसेंबर
लागलं टीव्हीवर! सगळी गल्ली आमच्या घरात. आधी जळत्या सँडल आणि बाबांचे ते डोळे, मग पूर्ण पडद्यावर मी — चालतेय! जज उठून उभा. मुंबई पक्की!! बनाबाईंनी माझ्यासोबत फोटो काढला. मी दारापासून गॅसपर्यंत चालतच राहिले, आईने लाटणं दाखवलं तेव्हा बसले. बॅग आत्ताच भरून ठेवली. भटकभवानी चालली!

२२ डिसेंबर
सकाळी बाबा शाळेच्या फेरीला गेले. एकाही घरातून पोरगी बाहेर आली नाही. एकीच्या आईने दारातूनच सांगितलं — आमची एसटीनं जाईल आता.
रिकामी रिक्षा अंगणात लावून बाबा म्हणाले, "म्हंजे काम लईच भारी केलं म्या."