आपली वाळू कुणाकडे जाते

चंडीगड, ४ सप्टेंबर २०२५

चि. यमुनास गजाननदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू रडतेस आणि मी उपदेश करतो, म्हणून पत्र. धूपप्रतिबंधक बंधाऱ्याच्या संमतीचा कागद मिळाला. सातबाऱ्यावर आपली दोघांची नावं, म्हणून सह्याही दोन. माझी केली आहे, कागद सोबत पाठवतो. पुढचे सहा माड गेले, समुद्र तुझ्या स्वयंपाकघरापासून वीस पावलांवर आला, विचार कसला? समुद्र मर्यादा ओलांडत नाही, असं मी इथल्या मुलांना सत्तावीस वर्षं संस्कृतातून शिकवतो आहे. समुद्राचं संस्कृत कच्चं दिसतं.

पण तुझ्या भाचीने घोळ घातला. मैत्रेयी चौतीस सेक्टरच्या क्लासमधून आली आणि टेबलावर मीठ सांडून मलाच शिकवू लागली, तेही हिंदीत. लाट म्हणे तिरकी येते, वाळू उचलते, थोडी पुढे नेऊन टाकते. अशी वाळू किनाऱ्याने चालत असते. आपल्यापुढे दगड रचले की आपण वाचतो, पण पुढच्याची वाळू अडते आणि लाटा टोकाला वळून त्याचीच जमीन खातात.

मग पुढचं कोण? उत्तरेला नुसता कातळ, दक्षिणेला एकटी सुमित्रामावशी. वाळू कुठे चालते, मला ठाऊक नाही. रोज एक नारळ टाकून बघ आणि मग तुझी सही कर. म्हणजे दोष तुझा.

माया आहेच, तिची धूप होऊ देऊ नकोस.

तुझा
गजाननदादा

शेवरेवाडी, १६ सप्टेंबर

ती. दादास यमुनाचा सा. न. वि. वि.

आठ नारळ टाकले. पाच दक्षिणेला गेले, एक उत्तरेला, एक माझ्याच पायाशी परत आला. आठवा सुमित्रामावशीने उचलला आणि विचारलं, नारळी पौर्णिमा केव्हाच झाली, आता कसला गो नवस?

मला खोटं सुचेना. सगळं सांगितलं. वाटलं, भांडेल. भांडली असती तर त्याच पावली सही केली असती. ती म्हणाली, कर सही, माझं घर अजून लांब आहे. ती गेल्यावर मी समुद्रापासून तिच्या घरापर्यंत पावलं मोजली. सदतीस.

बंधाऱ्याचे साहेब म्हणतात कुणालाच काही होणार नाही. मैत्रेयी म्हणते होईल. परवा थोडी वाळू आपणहून परतही आली. कुणाचं खरं मानू? कागद माझ्या सहीविना परत पाठवते. स्वयंपाकघर मागच्या अंगणात न्यावं म्हणते, पण गवंडी मिळत नाही. चुकलं असेल तर रागव, पण कळव.

तुझी
यमुना

चंडीगड, २४ सप्टेंबर

चि. यमुनास अनेक आशीर्वाद.

कागद पोचला. तुझ्या रिकाम्या जागेशेजारी माझी सही फारच वळणदार दिसली. खोडली.

तू बरोबर केलंस की वेडेपणा, मला कळत नाही. मागे सरकून दहा वर्षं मिळतील की दोन, तेही नाही. मैत्रेयीला विचारलं, तर पता नहीं म्हणाली. तिच्या तोंडून हे मी प्रथमच ऐकलं. महिन्याची रजा टाकली आहे, चार तारखेला पोचतो. गवंडी नसेल तर मी आहे, हसू नकोस.

मावशीचं स्वयंपाकघरही समुद्राकडेच आहे ना? मग चिरे दोन स्वयंपाकघरांचे मागव.

तुझा
दादा