धोंडू तांडेलांच्या तसबिरीची नोंद होणेबाबत

प्रति,
मेहेरबान रजिस्ट्रारसाहेब,
विद्यापीठ कचेरी, मुंबई.

अर्जदार : रघुवीर गंगाराम नागवेकर, बी. ए., धंदा वकिलाकडे लेखनिक, राहणार मांडवी, रत्नागिरी.

विषय : कला शाखेच्या माजी विद्यार्थ्यांच्या कलाकृतींच्या यादीत एका तसबिरीची नोंद होणेबाबत.

संदर्भ : आपल्या कचेरीची वर्तमानपत्रात आलेली सूचना.

महोदय,

कला शाखेच्या पदवीधरांनी पदवी घेतल्यानंतर कोणत्या कलाकृती केल्या, त्याची माहिती आपण मागविली आहे. माझ्याबरोबर परीक्षेस बसलेल्यांपैकी एकाचे नाटक रंगभूमीवर आले आहे, दुसऱ्याच्या कविता छापून झाल्या आहेत, आणि तिसरा बोलपटांसाठी संवाद लिहितो असे ऐकतो. त्यांचे अर्ज आपणांकडे आलेच असतील. ते वाचून झाल्यावर वेळ उरल्यास माझा अर्ज पाहावा, अशी विनंती आहे.

कलम १. माझे विषय संस्कृत व तर्कशास्त्र. चित्रकलेशी माझा संबंध शाळेत आला आणि तेथेच संपला. हापूस आंबा काढावयास सांगितला असता मी जी आकृती काढली, तिच्याखाली मास्तरांनी 'बटाटा. बरा.' असा शेरा दिला होता. शेरा न्याय्य होता.

कलम २. मांडवीतून बी. ए. झालेला मी पहिलाच. त्यामुळे भैरीच्या देवळात माझा सत्कार झाला. अध्यक्षस्थानी पेन्शनर शिक्षक भिकाजी मास्तर होते. त्यांनी 'बॅचलर ऑफ आर्ट्स' या शब्दांचा अर्थ मंडळींना सांगितला तो असा : "म्हणजे आपला रघू आता सगळ्या कलांत पास झाला." त्या वेळी माझ्या हातात नारळ व गळ्यात हार होता. अशा अवस्थेत मनुष्य दुरुस्ती सुचवीत नाही. मीही सुचविली नाही.

कलम ३. आठवडा गेला नाही तोच शेजारचे आप्पा मयेकर रंगाचे डबे घेऊन आले. त्यांच्या मचव्याच्या मागच्या फळीवर मोर काढून हवा होता. "मला येत नाही," असे मी स्पष्ट सांगितले. तो माझा विनय समजण्यात आला. मी मोर काढला. हल्ली तो मचवा बंदरात 'कोंबडी' या नावाने ओळखला जातो, आणि मुंबईच्या धक्क्यावरही "कोंबडी लागली काय?" अशी चौकशी होते. आप्पांनी मला कधी दोष दिला नाही. रंग चांगला टिकला आहे, एवढेच ते म्हणतात. सदरहू मोराची नोंद व्हावी अशी माझी मागणी नाही.

येथून पुढे मात्र कलमे पाडता येत नाहीत, कारण मजकूर एकाला एक लागून आहे.

आप्पांचे थोरले बंधू धोंडू मयेकर हे मचव्याचे तांडेल, म्हणजे खलाशांचे मुख्य. मी पदवीधर झालो त्याच साली वैशाखात ते दुसऱ्या एका मचव्यावर मंगळुरी कौले भरून परत येत असता वादळ झाले. मचवा परत आला नाही. फळ्या किनाऱ्याला लागल्या, माणसे लागली नाहीत. गोव्यापासून वर किनाऱ्यावर सगळीकडे विचारून झाले. शेवटी गुरुजींनी सांगितले की, अशा वेळी दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात आणि मग बाकीचे विधी करतात. धोंडू तांडेलांच्या पत्नी यमुनाबाई यांनी गुरुजींना ओटीवरूनच परत पाठविले. "माजा घोव गवताचा नव्हता," एवढेच त्या बोलल्या. त्यांनी कुंकू पुसले नाही. तो विषय दोन वर्षे त्यांच्यासमोर कोणी काढला नाही.

पुढे त्यांची मुलगी राही हिचे लग्न लांज्यास ठरले. स्थळ चांगले, मुलगा मुंबईस गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांचा मुकादम, आहे. मुलाच्या वडिलांनी निरोप धाडला की, पत्रिकेत मुलीच्या बापाच्या नावामागे 'श्री.' लावायचे की 'कै.', ते एकदा ठरवून कळवा. आमच्यात अर्धवट चालत नाही. पत्रिकेचा मसुदा करण्याचे काम, मांडवीतला बी. ए. म्हणून, माझ्याकडे आले. मी दौत-टाक घेऊन गेलो आणि जमेल तितक्या हळू आवाजात विचारले, "काकी, काकांच्या नावामागे काय लिहू?"

त्या तांदूळ निवडीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तोंड बघितल्याबिगर मी त्यांना मेलं म्हनायची नाय. तू तोंड काढून दाव. मग सांगते."

फोटो एकही नव्हता. मी हात जोडून सांगितले की मला चित्र येत नाही, माझी परीक्षा त्यातली नव्हे. त्यावर त्या म्हणाल्या, "येवढी बुकं शिकलास, नि एक तोंड काढाया येत नाय? माज्या घोवाचं नाक काय संस्कृतात व्हतं?"



मी चुलीतला कोळसा घेतला व ओटीवर कागद पसरून बसलो. यमुनाबाई सांगत होत्या, मी काढीत होतो. पहिला चेहरा पाहून त्यांनी विचारले, "ह्यो कोन?" दुसरा मी स्वतःच फाडला. तिसऱ्या वेळी आप्पा आले आणि म्हणाले, दादाची डावी भुवई तुटलेली होती, लहानपणी माडावरून पडला तेव्हाची. यमुनाबाईंना ते ठाऊकच नव्हते. त्यांना तो खलाशांच्या मारामारीतला व्रण वाटत आला होता, आणि तांडेलांनीही त्यांना तसेच सांगितलेले होते! शेजारची मथुरा मासे विकून परतत होती. तिने टोपली खाली ठेवली व सांगितले की तांडेल हसले की एक डोळा मिटत. त्यावर आप्पा म्हणाले, उजवा. मथुरा म्हणाली, डावा. ओटी भरत गेली. मिशी जाड होती की पातळ, यावरून दोन म्हातारे एकमेकांशी बोलेनासे झाले. जो तो माझ्या खांद्यावरून बोट घालून कागदावर जागा दाखवीत होता. मी पुसत होतो व काढत होतो, आणि कागदावर जो गृहस्थ तयार होत होता तो मांडवीत तर नाहीच, पण संबंध मुंबई इलाख्यात कोठे आढळला नसता. एक डोळा मिटलेला, एक भुवई तुटकी, मिशी एकीकडे जाड व दुसरीकडे, तडजोड म्हणून, पातळ.

तरी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. दोन वर्षे ज्या घरात त्या माणसाचे नाव कोणी घेत नव्हते, तेथे सगळे त्याच्याविषयी मोठमोठ्याने भांडत होते, आणि यमुनाबाईही हसत होत्या.

राही दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.  ती म्हणाली, "रघूदादा, बाबांच्या कानावर बिडी असायची. पेटवायचे नायत. आये वरडायची म्हणून नुस्ती ठेवायचे."

 कान मला जमला नाही. पण बिडी ही जवळजवळ सरळ रेघच असते, एका टोकाला जरा रुंद. ती मी एका दमात काढली. माझ्या आयुष्यात मी काढलेली ती एकमेव वस्तू, जी पाहून कोणी "हे काय?" असे विचारले नाही.

यमुनाबाईंनी कागद हातात घेतला. खूप वेळ पाहिला. त्यांनी तो छातीशी धरला आणि त्या रडल्या. दोन वर्षांत त्यांना रडताना कोणी पाहिले नव्हते. मथुरा त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसली, आप्पा अंगणात जाऊन समुद्राकडे तोंड करून उभे राहिले, आणि मी, कला शाखेचा पदवीधर, काळे झालेले हात कोठे ठेवावेत हे न कळून तसाच बसून राहिलो.

मग त्यांनी डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "लिही."

"काय लिहू, काकी?"

"कै. लिही."

विधी झाले, गवताच्या पुतळ्यालाही त्यांनी आता हरकत घेतली नाही. लग्न यंदाच्या वैशाखात लागले. कन्यादान आप्पांनी व त्यांच्या पत्नीने केले. तसबीर मांडवात पाटावर ठेवली होती. लांज्याची मंडळी तिच्यापुढे थबकली. मुलाच्या वडिलांनी माझ्याकडे पाहून काही विचारण्यासाठी तोंड उघडले, तोच मांडवीची सगळी ओळ एका आवाजात म्हणाली, "धोंडू तांडेल!" त्यांनी निमूट हात जोडले.

सबब अर्ज आहे की, आपल्या यादीत माझ्या नावापुढे एक कलाकृती नोंदवावी. शीर्षक : 'धोंडू तांडेल.' साधन : चुलीतला कोळसा. काढणार : बिडी अर्जदाराने, बाकीचा चेहरा मांडवीच्या मंडळींनी तोंडाने. गुणांविषयी रकाना असल्यास तो कोरा सोडावा. मोराविषयी कोणी कळविल्यास तिकडे लक्ष देऊ नये.

आपल्या सूचनेत मूळ कलाकृती पाहण्यासाठी मुंबईस पाठवावी असे म्हटले आहे. त्याप्रमाणे मी काल यमुनाबाईंकडे जाऊन तसबीर मागितली, आणि पाहून झाल्यावर साहेब ती जपून परत धाडतील, असेही सांगितले. त्यांचे उत्तर जसेच्या तसे देतो : "साहेबांना म्हनावं, बघायचं तर हिकडं या, जेवून जा. मानूस केवढ्या दिसांनी घरी आलाय. आता मी त्याला कुठं धाडत नाय."

कळावे,

चित्रकला सोडून बाकी सर्व बाबतींत
आपल्या विद्यापीठाचा ऋणी,

रघुवीर गंगाराम नागवेकर
मांडवी, रत्नागिरी.
ता. १२ जुलै १९३४

सोबत : काही जोडलेले नाही.