वारा अडवायची पाळी

प्रिय वर्षाराणी,

प्रिय लिहायची सवय मोडली नाही म्हणून लिहिलं, त्याचा वेगळा अर्थ काढू नकोस. तुझा नंबर मी गेल्या वर्षीच ब्लॉक केलाय, म्हणून तू आपल्या डोंगरवेड्या रुबीनाकडं निरोप धाडलास. त्याचं उत्तर शेवटी देते. तोवर गप वाचायचं.

कोल्हापूर ते कुरुंदवाड आणि परत, ती सायकल शर्यत तू विसरली असशील. जिंकणाऱ्याला विसरायला काय जातंय? ठरलं काय होतं आपलं? येताना पश्चिमेचा वारा तोंडावर, तेव्हा दोघींनी आळीपाळीनं पुढं राहायचं. पुढचीनं वारा अडवायचा, मागचीनं तिच्या आडोशाला दम खायचा. शिवाजी पेठेतून रोज पहाटे निघून आपण हाच तर सराव केला. कुरुंदवाडहून वळलो आणि तू म्हणालीस, "पूर्णिमा, पोटात लई दुखतंय गं, जरा तूच ओढ की." मी ओढलं. शिरोळ गेलं, हातकणंगले गेलं, मी ओढतच होते. माझ्या बाटलीतलं पाणीसुद्धा तुला दिलं. आणि शेवटची कमान दिसली तशी तुझ्या पोटदुखीला एकदम उतार पडला. माझ्या मागून उसळून तू निघून गेलीस. राज्याच्या संघात जागा एकच होती.

आबांनी आदल्या दिवशीच गुलालाची पिशवी आणून ठेवली होती. निकालाआधी गुलाल आणू नये हे पेठेतल्या शेंबड्या पोरालाही कळतं, पण लेकीचा विषय आला की आबांची अक्कल गहाण पडते. आपल्याच तालमीची पोरं तुझ्यावर गुलाल उधळत होती आणि आमची पिशवी न फोडता घरी आली. आई म्हणाली, जोतिबाला वाहून टाका. आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. लागंल." कपाटावरची ती पिशवी मी वर्षभर रोज बघत होते. तुझा राग विझू नये म्हणून मुद्दाम बघत होते.

मग कळलं, की तू आता जाड टायरची सायकल घेऊन डोंगरात फिरतेस आणि जोतिबाच्या पायवाटेवरच्या शर्यतीत नाव दिलंयस. मीही दिलं. डांबर सोडून कधी चाक न घातलेली मी! रुबीनानं तिची जुनी सायकल दिली आणि सरावाला डोंगरात नेलं. मी आपली रस्त्याच्या सवयीनं टायरात हवा ठासून भरली आणि पहिल्याच उतारावर दगडादगडावरून चेंडूसारखी उडाले. रुबीना वरून ओरडली, "अगं हवा सोड की थोडी, मरशील!" हवा सोडली, तरी करवंदीच्या जाळीत पडलेच. कारण माझी नजर पुढं चाललेल्या रुबीनाच्या चाकावर. रस्त्यावर तेच शिकले ना मी, पुढचीच्या चाकावरची नजर हलवायची नाही. डोंगरात तसं चालत नाही. तिथं स्वतःची वाट बघावी लागते. कोपरं सोलली, गुडघा सुजला, आईनं हळद लावता लावता तुझ्या नावानं बोटं मोडली. मला फार बरं वाटलं.

शर्यतीत तू पुढं होतीस, हे कबूल. पण खालच्या ओढ्यापाशी तू वाटेकडेला बसलेली दिसलीस. चाक बसलेलं, जवळची ट्यूबही फाटलेली. मी तुझ्याकडं बघून "चांगभलं!" म्हटलं आणि निघून गेले. खोटं कशाला बोलू, वळणापलीकडं जाऊन मोठ्यानं हसले. इतकी गोड गोष्ट वर्षभरात घडली नव्हती. आणि मग डोक्यात आलं, की उद्या तू पेठभर सांगत फिरणार, पंक्चर झालं म्हणून हरले, नाहीतर पूर्णिमाची काय बिशाद.

म्हणून परत आले. माझी ट्यूब दिली, पंप मारला. बाकीच्या एकेक करून आपल्याला ओलांडून गेल्या. तू डोळ्यांत पाणी आणून म्हणालीस, "मला वाटलं न्हवतं गं, तू थांबशील." मी म्हटलं, "तुझ्यासाठी न्हाय थांबले. ऊठ आणि चालव."

पुढचा चढ तुला आठवतोच. तू सवयीप्रमाणं माझ्या मागच्या चाकाला येऊन चिकटलीस. पण त्या खड्या चढावर वारा कुठला आणि आडोसा कुठला? तिथं ज्याचा त्यानंच देह ओढायचा. तुझी धाप मला ऐकू येत होती. मग ती मागं पडली, मग ऐकूच येईना. मागं वळून बघायचा मोह मी दातओठ खाऊन आवरला.

शेवटून दुसरी आले मी. शेवटची तू. आबांनी तिथंच पिशवी फोडली. लोक विचारत होते, "पावणं, गुलाल कशाचा? कितवी आली पोरगी?" आबा छाती काढून सांगत होते, "जिला हरवायचं हुतं, तिला हरवलं की!" माझ्या केसांतून अजून गुलाल निघतोय.

आता तुझा निरोप. रविवारपासून परत एकत्र सराव करूया, एकटीला रस्ता खायला उठतो, असं तू म्हणालीस. मलाही उठतो. वर्षभर उठतोय, आणि त्याचाच मला जास्त राग आहे. म्हणून ये. रविवारी पहाटे, नेहमीच्या कोपऱ्यावर. कुरुंदवाडला जाऊ. फक्त येताना, वारा तोंडावर असताना, पुढं तू राहायचंस. शिरोळ गेलं, हातकणंगले गेलं, तरी मागं बघायचं नाही. कोल्हापूर येईपर्यंत माझ्या पोटात लई दुखणार आहे.

तुझीच, रविवारपासून तुझ्या मागच्या चाकाला चिकटलेली,
पूर्णिमा