भाव सांगून गप्प बसणे

४ जून

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद. तुझी ताई शाळेत जायला लागली आहे. हसू नकोस! बायकांना धंदा शिकवणारा वर्ग आहे, भांडी आटोपली की संध्याकाळी जाते. बॅगांच्या चेन दुरुस्त करायचं ठरवलंय, त्यात माझा हात बसलेला आहेच. पण शिकवणाऱ्या बाई म्हणतात, हात आहे, धीर नाही. होतं काय, की मी भाव सांगते आणि गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत मीच तो कमी करते. काल वर्गातली साबणवाली खोटं गिऱ्हाईक झाली होती. तिने नुसती भुवई उचलली, तर मी म्हटलं, राहू द्या, फुकट न्या. बाईंनी कपाळाला हात लावला.

बाजारात बसायला वर्गाचं टेबल महिनाभर मिळालंय. तेवढ्यात जम बसला नाही, तर चार घरची भांडी आहेतच पाचवीला पुजलेली. त्याची मात्र खरंच धास्ती वाटते.
तुझीच,
ताई

१० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून ह्यांना ठसका लागला. अगं, लहानपणी माझी सगळी भांडणं तू भांडायचीस, तेव्हा तोंडाचा पट्टा कसा चालायचा! आणि स्वतःची वेळ आली की शेळी? आता ऐक. भाव सांगितलास, की दोन टाचण्या ओठांत धरायच्या, शिंपी धरतात तशा. बोलताच येणार नाही. गिळू नकोस म्हणजे झालं.
माया आहेच, ती पत्रातून दिसू दे.
तुझी,
चिमणी

२९ जून

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद. तुझ्या युक्तीने पहिल्याच दिवशी घोळ झाला. गडबडीत मी भाव सांगायच्या आधीच टाचण्या धरल्या. समोरचे गृहस्थ मला मुकी समजून खाणाखुणा करायला लागले. मीही बोटांनीच भाव दाखवला, आणि त्यांनी मुकाट्याने दिला! तेव्हापासून भीड चेपली.

काल मालकीणबाई आल्या, ज्यांच्याकडे माझं सगळ्यात जुनं काम. प्रवासाची मोठी बॅग, चेन पार निखळलेली. म्हणाल्या, तू घरचीच, तुझ्याशी काय पैशाचं बोलायचं! तरी भाव सांगितला, पुरा. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मी चेनकडे. जीभ नुसती वळवळत होती, कमी करू का म्हणून. शेवटी त्यांनी पर्स उघडली. मग त्याच दमात सांगून टाकलं, की एक तारखेपासून भांड्यांना येणार नाही, कोणाकडेच नाही. वाटलं, आता चिडतील. पण त्या घुटमळल्या फक्त.

चिमणे, इतकी वर्षं मी किती वाजता यायचं, ते त्या सांगत आल्या. काल त्यांनी मला विचारलं, बॅग न्यायला किती वाजता येऊ?

मी म्हटलं, चारनंतर या.

सगळ्यांना आठवण सांग, आणि तुझा जीव असाच माझ्यात राहू दे.
तुझी,
ताई